काढून बघितलंत का?

‘निसर्गात काहीच वाया जात नाही’ हे वाक्य आता डोक्यात जातं. दर दोन महिन्यांनी तोच फॉरवर्ड येतो: शास्त्रज्ञ ज्या डीएनएला कचरा म्हणत होते, तो सगळा कामाचा निघाला! खाली हात जोडलेले इमोजी. पुढची पायरी म्हणजे ‘सुप्त डीएनए जागा करा’ छापाची शिबिरं, अर्थातच फी भरून.

मूळ गोष्ट याहून भारी आहे. आरएनए म्हणजे डीएनएचा निरोप प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेकडे नेणारा, असं आपण शाळेत शिकलो. पण ज्यांच्यापासून प्रथिन बनतच नाही असेही आरएनए असतात. २०१२ साली चीनमधल्या यीजुन ची यांच्या गटानं अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात डीएनएचे दोन्ही धागे मुद्दाम तोडले. तुटल्या जागेच्या आसपासच्या मजकुरातून साधारण २१ अक्षरांचे आरएनए तयार झाले. ते बनवणारी डायसरसारखी प्रथिनं ज्या रोपांत बिघडवलेली होती, तिथे दुरुस्ती बरीच घटली. २०१७ साली स्ट्रासबुर्गच्या गटाला अतिनील किरणांच्या इजेच्या दुरुस्तीतही छोटे आरएनए सापडले. रोपाला उन्हातून उठून सावलीत जाता येत नाही. ही दुरुस्ती त्याच्या जगण्याचा प्रश्न आहे.

यावरून ‘कचरा नसतोच’ हे सिद्ध होतं? अजिबात नाही. हे आरएनए कचऱ्याच्या कुठल्या गुप्त कोठारातून आले नव्हते. जिथे तुटलं, तिथल्याच मजकुरातून आले. आणि कांद्याचा जीनोम माणसाच्या सुमारे पाचपट आहे. सगळंच कामाचं असेल, तर कांद्याला एवढं कसलं काम असतं, हा टी. रायन ग्रेगरी यांचा प्रश्न फॉरवर्डवाल्यांनी आधी सोडवावा.

शास्त्रज्ञही घसरतात. २०१२ मध्येच एन्कोड प्रकल्पानं मानवी जीनोमच्या ८० टक्के भागाला ‘जैवरासायनिक कार्य’ असल्याचं जाहीर केलं. कसली तरी हालचाल दिसली की कार्य! प्रोग्रॅमनं लॉगमध्ये एक ओळ छापली म्हणून तो उपयोगी ठरत नाही.

मात्र ‘कचरा’ म्हणून मोकळे होणारेही तेवढेच घाईचे. माझ्या पहिल्या नोकरीत मी एक स्क्रिप्ट ‘कुणी वापरत नाही’ म्हणून उडवली. महिनाभर काहीच झालं नाही. मग एका रात्री सर्व्हर मध्येच बंद पडला, आणि कळलं की अर्धवट राहिलेल्या नोंदी जुळवायचं काम तीच करायची. पहाटेपर्यंत मी त्या हातानं जुळवल्या.

दुरुस्तीचं काम मोडतोड झाल्याशिवाय दिसत नाही. म्हणून नुसतं काढून भागत नाही, तोडूनही बघावं लागतं. ची यांच्या गटानं दोन्ही केलं, म्हणून त्यांचं म्हणणं ऐकायचं. पुढचा फॉरवर्ड आला की पाठवणाऱ्या काकांना एवढंच विचारा: काय काढलं होतं, आणि त्यामुळे काय अडलं?