भस्म, 'नॅनो' आणि आपले उत्तरदायित्व

रसौषधींच्या माहितीपत्रकांवर 'नॅनो' हा शब्द वारंवार दिसू लागला आहे. मध्यंतरी एका रुग्णाने असेच एक पत्रक आमच्यापुढे ठेवून विचारले, "वैद्यराज, हे नॅनो आहे, म्हणजे निर्धोक ना?" पत्रकात ना मात्रा होती, ना अनुपान, ना भस्म कोणत्या धातूचे याचा उल्लेख. त्या प्रश्नाने आम्ही अस्वस्थ झालो.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर मापाच्या कणांना ही संज्ञा लावतात. काही भस्मांत असे कण आढळल्याचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत, ही बाब निश्चितच अभ्यसनीय आहे. परंतु रेखापूर्णत्व, वारितरत्व वा अपुनर्भवत्व या परीक्षा कणांचे माप नॅनोमीटरमध्ये सांगत नाहीत. बोटाच्या रेषांत शिरणारे चूर्ण त्याहून कितीतरी स्थूल असू शकते. शिवाय सूक्ष्मता म्हणजे सुरक्षितता नव्हे. कण सूक्ष्म होताच त्याचे वर्तन बदलू शकते. म्हणूनच त्याची स्वतंत्र परीक्षा आवश्यक ठरते.

जर्मनीत २००६ साली 'मॅजिक नॅनो' नामक स्वच्छतेच्या फवाऱ्याने सुमारे १०० जणांना श्वसनाचा त्रास झाला. पुढे तपासात त्यात नॅनोकण आढळलेच नाहीत. पण तोवर संशय नॅनो तंत्रज्ञानावर गेला होता. केवळ नाव मिरविण्याची किंमत अशी इतरांना मोजावी लागते.

आपणही अशी किंमत मोजली आहे. २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा आर्सेनिक आढळले आणि संशयाचे सावट सर्वच औषधांवर पडले. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना जड धातूंची तपासणी अनिवार्य झाली.

भारतात २०१९ साली नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. आपली औषधे मात्र १९४० च्या औषध कायद्यातील स्वतंत्र प्रकरणाखाली, ग्रंथोक्त आधारावर परवाना मिळवितात. जाहिरातीत 'नॅनो' म्हणावयाचे आणि परीक्षेची वेळ येताच 'प्राचीन' म्हणावयाचे, हे दोन दगडांवर पाय ठेवणे होय. नव्या नावाचा मान हवा असेल, तर नव्या परीक्षेचा भारही उचलला पाहिजे.

औषधनिर्मात्यांना आमची विनंती आहे की, प्रत्येक बॅचसोबत पुटसंख्या व भस्मपरीक्षांचे निष्कर्ष द्यावेत. कणमापन केले असल्यास त्याची पद्धती सांगावी, नसल्यास 'नॅनो' हा शब्द वगळावा. वैद्यबंधुभगिनींनीही रुग्णास धातूचे नाव, मात्रा, अनुपान व सेवनकाल स्वच्छ शब्दांत सांगावा.

त्या रुग्णास आम्ही उत्तर दिले, "निर्धोक की नाही, हे या शब्दावरून ठरत नाही." रसशास्त्राची प्रतिष्ठा उसन्या शब्दाने वाढणार नाही, शोधन, मारण आणि सत्यकथन यांतूनच ती टिकेल, असे आम्हांस वाटते.