'प्लॅन वाढवून घ्या!'

पूर्वी आमच्या गल्लीत एक वैद्य होते. पोट दुखो, डोकं दुखो किंवा नुसतं मन दुखो, ते एरंडेल देत. हल्ली त्यांची गादी इंटरनेटवाल्यांनी चालवायला घेतली आहे. टीव्हीवरचं चित्र अडकलं? प्लॅन वाढवून घ्या. आवाज तुटतोय? प्लॅन वाढवून घ्या. चित्राच्या मध्यभागी ते गोल चाक गरागरा फिरत बसलंय? मग तर प्लॅन वाढवायलाच हवा! फरक एवढाच की एरंडेल स्वस्त होतं आणि त्याचा काहीतरी परिणाम होत असे.

या सल्ल्याशी माझं वैर आहे. ते का, हे सांगायचं तर आधी आमच्या आप्पांबद्दल सांगायला हवं.

१९८९ साली माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आम्ही हौसेनं व्हिडिओ शूटिंग केलं होतं. त्या काळी लग्नात नवऱ्या मुलाच्या खालोखाल मान शूटिंगवाल्याला असे. तो हॅलोजनचा दिवा घेऊन फिरे आणि ज्याच्या तोंडावर तो दिवा पडे, तो माणूस पोलिसांनी पकडल्यासारखा चेहरा करी. ती कॅसेट पुढे कित्येक वर्षं कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात पडून होती. आप्पा २००३ साली गेले. त्यांचे फोटो आहेत, पण हलते-बोलते आप्पा म्हणाल तर त्या एका कॅसेटीत. बुरशीनं त्यांना गाठायच्या आत मी गेल्या वर्षी ती कॅसेट संगणकात उतरवून घेतली. आई आता ८४ वर्षांची आहे. तिच्या खोलीतल्या टीव्हीवर तिला लग्न दाखवायचं ठरलं.

मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, शूटिंगवाला आप्पांकडे वळला, आप्पांनी तोंड उघडलं... आणि चाक फिरू लागलं.

"हे काहीतरी म्हणाले होते रे," आई म्हणाली. "काय ते मेलं आठवत नाही."

चाक थांबलं तेव्हा पंगत बसली होती. मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा अक्षता, पुन्हा आप्पा, पुन्हा चाक. हयातभर आम्ही त्यांना कधी बोलू दिलं नाही, तेव्हा हे चाक तरी का देईल, असं आईच म्हणाली.

मी तक्रार केंद्राला फोन केला. आधी बराच वेळ सनई ऐकवली गेली, म्हणजे लग्न इथेही चालू होतं. मग एक मुलगी म्हणाली, "सर, तुमचा प्लॅन चाळीसचा आहे. शंभरचा घ्या." घेतला. चाक फिरतच राहिलं. भाचा इंजिनिअर आहे, तो म्हणाला, "मामा, दोनशेचा घे." तोही घेतला. आता महिन्याचं बिल वाढलं होतं आणि चाक पूर्वीइतक्याच निष्ठेनं फिरत होतं.

आणि मग एका रात्री आंघोळ न करताही आर्किमिडीजला सुचावं तसं मला सुचलं. अहो, आप्पा इंटरनेटवर होते कुठे? ते माझ्या खोलीतल्या संगणकात होते! तिथून त्यांना आईच्या खोलीत जायचं होतं. मध्ये एक भिंत, बारा फूट अंतर. कंपनीची ती दोनशे मेगाबिटची गंगा आमच्या दारापर्यंत येत होती. पण आप्पांना दाराबाहेर पाऊलच टाकायचं नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आणि सोमेश्वरीच्या बंबाचं भाडं दर महिन्याला मी भरत होतो.

खात्री करावी म्हणून मी बाहेरून येणारी कंपनीची वायर राउटरमधून उपटली. घरातलं इंटरनेट मेलं. मुलगी तिच्या खोलीतून किंचाळली. पण आईच्या टीव्हीवर लग्न सुरूच! अक्षतांपर्यंत सुरळीत आलं, आप्पा दिसले, चाक फिरलं. म्हणजे ज्या गोष्टीचे मी पैसे वाढवत होतो, ती गोष्ट मुळी या लग्नाला हजरच नव्हती.

आता हे 'बफर' म्हणजे काय, ते चाळीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. बफर म्हणजे पिंप. नळाला पाणी येतं तेव्हा पिंप भरायचं आणि तांब्यातांब्यानं वापरायचं. नळाची धार वापरापेक्षा बारीक झाली की पिंप तळाला जातं आणि मग पुन्हा भरेपर्यंत साबण लावून उभं राहायचं. ते गोल चाक म्हणजे साबण लावून उभा असलेला माणूस. अशा वेळी शहाणा माणूस काय विचारतो? 'वर टाकीत पाणी आहे का? मधला पाइप गंजलाय का? तोटी अडकलीय का?' टाकी काठोकाठ भरलेली असताना 'आणखी मोठी टाकी बांधा' असं सांगणाऱ्या प्लंबरला आपण दुसऱ्या दिवशी घरात घेत नाही. इंटरनेटवाल्याला मात्र वर्षाचे पैसे आगाऊ देतो.

मी पाइप शोधायला लागलो. आमचा राउटर पुढच्या दाराशी, चपलांच्या कपाटात. का? तर वायर तिथून आत येते आणि दिवाणखान्यात तो डबा 'दिसतो'. त्यामुळे आप्पांचा प्रवास असा: माझ्या खोलीतून हवेतून निघायचं, स्वयंपाकघर ओलांडून चपलांच्या कपाटात जायचं, तिथून मागे फिरून पुन्हा स्वयंपाकघर ओलांडायचं आणि आईच्या खोलीत यायचं. शेजारच्या खोलीत जाण्यासाठी गावाला प्रदक्षिणा! शिवाय बिनतारी बोलण्याचा एक नियम आहे: एका वाटेवर एका वेळी एकानंच बोलायचं. (हा नियम आमच्या घरात फक्त यंत्रं पाळतात.) म्हणजे संगणक राउटरला सांगतो तेव्हा टीव्हीनं गप्प बसायचं, राउटर टीव्हीला सांगतो तेव्हा संगणकानं. त्याच हवेतून तोच माल दोनदा न्यायचा, म्हणजे वेग निम्म्यावर आला.

वाटेत स्वयंपाकघरात फ्रिज, स्टीलची मांडणी आणि सिमेंट-सळयांच्या भिंती. त्यात आईचा जुना टीव्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जाणणारा. या पट्ट्यात एकमेकांच्या पायात पाय न येणाऱ्या वाटा तीनच: एक, सहा आणि अकरा. इमारतीत बिऱ्हाडं चोवीस! आणि कळस म्हणजे मायक्रोवेव्ह. ती भट्टीसुद्धा याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करते आणि तिच्यातून थोडी गळती होतेच. आम्ही आईला लग्न दाखवायचो रात्री साडेआठला आणि हिची आमटी गरम व्हायची त्याच वेळी. सासऱ्यांच्या बोलण्यात सुनेनं असा अडथळा आणल्याचं उदाहरण पुराणात नसेल.

पण नेमके आप्पाच का अडत? त्याचं कारण अक्षता. स्थिर चित्राला माहिती थोडी लागते, कारण 'मघाचंच चालू ठेवा' एवढंच सांगायचं असतं. अक्षता उडाल्या की पडद्यावर शेकडो दाणे शेकडो दिशांना जातात आणि प्रत्येकाचा हिशेब द्यावा लागतो. तिथे पिंप रिकामं होई आणि पुढच्याच क्षणी आप्पा तोंड उघडत.

यावर उपाय एकच होता: वायर. राउटरपासून संगणकापर्यंत एक आणि आईच्या टीव्हीपर्यंत एक. खर्च प्लॅनच्या एका महिन्याच्या वाढीपेक्षा कमी. पण घरात अशी हलकल्लोळ झाली, जणू मी दिवाणखान्यातून रेल्वे नेणार होतो. "भिंतीवरून वायर? लोक काय म्हणतील?" हिनं विचारलं. भाचा म्हणाला, "मामा, हल्ली कुणी वायर वापरतं का?"

हेच, नेमकं हेच माझं भांडण आहे. १९७२ साली मुंबईला दूरदर्शन आलं तेव्हा प्रत्येक घराच्या डोक्यावर अँटेना उभा राहिला. एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीपुढे. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" चित्र बिघडलं तर बिघाड शोधायचा असतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आता आपण बिघाड शोधत नाही, वेग विकत घेतो. विकणाऱ्यानं तरी का शोधावा? त्याच्याकडे विकायला वेगच आहे. पंधरा मीटर वायरीत त्याला काय मिळणार?

कधीकधी दोष खरंच बाहेर असतो, हेही मान्य करतो. राउटरला वायरीनं जोडलेल्या संगणकावरसुद्धा बाहेरचा सिनेमा अडत असेल, तर खुशाल कंपनीशी भांडा आणि लागलाच तर प्लॅन वाढवा. पण एका स्वच्छ चित्राला सेकंदाला पाचेक मेगाबिट पुरतात. दोनशे घेऊन ते चपलांच्या कपाटात कोंडणं म्हणजे धरण बांधून तोटीत बोळा घालणं आहे.

वायरी मी स्वतः ठोकल्या. एक थोडी वाकडी गेली आहे आणि लोक खरोखरच म्हणतात. त्या रात्री साडेआठला आमटी गरम होत असताना मी लग्न लावलं. अक्षता पडल्या. आप्पांवर दिवा आला. सगळे श्वास रोखून बसले. आप्पांनी डोळ्यांवर हात धरला, शूटिंगवाल्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

"अहो, माझं काय घेताय? तुम्ही जेवलात का?"

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हेच. आल्यागेल्याला हेच विचारायचे." आणि पदर डोळ्यांना लावून तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. चार वेळा लावलं. चारही वेळा आप्पा न अडखळता बोलले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. "सर, आपल्यासाठी तीनशेचा नवीन प्लॅन..."

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही जेवलात का?"

पलीकडे एकदम शांतता. चाक फिरत असावं.