औषध की विष?

झुरळ हा काय वार्षिकांकात लिहिण्याचा विषय झाला, असे कुणीही म्हणेल. वर्गातल्या मैत्रिणी तर नुसते नाव काढताच किंचाळल्या! विज्ञान शाखेची मुले पूर्वी प्रात्यक्षिकाला झुरळ चिरीत असत म्हणे. आम्हा कला शाखेवाल्यांची त्याच्याशी ओळख फक्त स्वयंपाकघरातली. पण माझे भांडण झुरळाशी नाही. ते मारण्यासाठी आपण घरात जे आणतो, त्याच्याशी आहे.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्याकडे डब्यांच्या मांडणीमागे झुरळेच झुरळे निघाली. सोयाबीनच्या फवारणीतले अर्धी बाटली औषध गोठ्यात उरले होते. दुकानातला फवारा आणायचा तर पैसे पडतात, हे फुकटचे. बाबांनी झाकणभर औषध पाण्यात कालवून मांडणीमागे शिंपडले. त्याच रात्री लहान भावाला ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली. डॉक्टरांनी आधी विचारले, "बाटली कुठे आहे?" ती आम्ही कुणीच नेली नव्हती.

भाऊ वाचला. झुरळे मात्र पंधरा दिवसांत पुन्हा हजर! घरातल्या लहान, तपकिरी झुरळाची मादी ३० ते ४० अंड्यांचा कोश पाठीमागे घेऊन हिंडते आणि त्या कवचाआड अंडी पुष्कळदा वाचतात. म्हणजे विष आमच्या वाट्याला आले, झुरळांचा वंश शाबूत.

नंतर मी ती बाटली वाचली. लेबलावरच्या चौकोनात खालचा त्रिकोण पिवळा होता. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दोन महिने ती बाटली गोठ्यात होती, मी रोज तिच्यावरून ये-जा करीत होते, आणि परीक्षेच्या नोट्स पाठ करीत होते. बाबांना काय दोष द्यावा? ती अक्षरे इतकी बारीक की मलाही उन्हात धरून वाचावी लागली.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. ती बातमी आपण शेतातली म्हणून वाचली. तेच द्रव्य चुलीपाशी आले की मात्र आपल्याला भीती वाटत नाही, कारण आपण त्याला ‘औषध’ म्हणतो. गावात अमक्याने ‘औषध घेतले’ असे कानावर आले की काय घडले ते पोरांनाही कळते. तरी शब्द बदलत नाही!

आता आमच्याकडे रात्री खरकटे ठेवीत नाहीत, मोरीच्या तोंडाला जाळी बसविली आहे. बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या मांडणीमागे, भावाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवतो. तीही पोटात जाण्याची वस्तू नव्हेच. झुरळे कमी झाली, संपली नाहीत. बाबा अजून ‘औषध’च म्हणतात. मी दर वेळी ‘विष’ म्हणते आणि ते चिडतात.