राजपत्राने पुसलेले महामार्ग

मानेसरमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या दारावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच पुढे पुणे, सातारा, कोल्हापूर करीत चेन्नईस पोहोचतो. २०१० च्या फेरक्रमांकनापूर्वी तो इकडे ८ होता, आपल्याकडे ४. क्रमांक बदलल्याने कोणाचे काही बिघडले नाही. २०१७ मध्ये मात्र अनेक राज्य महामार्गांचा दर्जाच काढून घेण्यात आला, आणि त्यामागील कारण प्रशासनास शोभणारे नव्हते.

१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. मद्यपी चालकांमुळे जाणारे बळी थांबवावेत, एवढाच हेतू होता. १ एप्रिल २०१७ पासून गुरुग्रामच्या सायबर हबमधील मद्यालयांनाही त्याची झळ बसली. राष्ट्रीय महामार्ग १९५६ च्या कायद्याने केंद्राच्या अखत्यारीत; तेथे राज्यांचा इलाज नव्हता. राज्य महामार्ग मात्र हातचे! चंदीगड प्रशासनाने मार्च २०१७ मध्ये शहरातील राज्य महामार्गांना 'प्रमुख जिल्हा मार्ग' करून टाकले. महाराष्ट्रातही जळगाव, यवतमाळ अशा शहरांतून जाणारे काही किलोमीटरांचे तुकडे स्थानिक संस्थांच्या गळ्यात घालण्यात आले.

१९५५ च्या महामार्ग अधिनियमानुसार वर्गीकरणाचा अधिकार शासनास आहे, हे मान्य. बाह्यवळण झाल्यावर गावातला जुना रस्ता गल्लीवजा उरतो, तेव्हा त्याचा दर्जा काढणे रास्तच. पण वाहतुकीची गणना न करता, केवळ दुकानाच्या उंबरठ्यापासूनचे अंतर मोजून तोच अधिकार वापरला, तर त्यास अधिकाराचा गैरवापर म्हणावे लागेल. रस्त्यावरचा ट्रक तोच, त्याचा वेगही तोच. बदलले ते खड्डे बुजविणाऱ्याचे नाव. सार्वजनिक बांधकाम विभागाकडून रस्ता गेला, त्याच्यासोबत निधी येईलच असे नाही; आणि पगार भागवितानाच धाप लागणाऱ्या नगरपालिकेने डांबर कोठून आणावे?

महसूल बुडतो, रोजगार जातो, असा युक्तिवाद तेव्हा झाला. तो खोटा नव्हता. मग तो उघडपणे न्यायालयापुढे मांडून सवलत मागायची होती. रस्त्याचे बारसे पुन्हा करण्याची गरज नव्हती. दुर्दैवाने ११ जुलै २०१७ रोजी न्यायालयानेच नगरपालिका हद्दीतील परवान्यांस हा मनाई हुकूम लागू नसल्याचे स्पष्ट केले. चंदीगडची युक्तीही टिकली. मानेसरला महानगरपालिका मिळाली ती डिसेंबर २०२० मध्ये. म्हणजे महामार्ग तसूभरही हलला नाही, तरी त्याच्या कडेच्या परवान्याचे भवितव्य नगरविकासाच्या एका अधिसूचनेवर येऊन ठेपले.

तेव्हा यापुढे ज्या अधिसूचनेने महामार्गाचा दर्जा काढला जाईल, तिच्यातच कारण छापले जावे. त्या रस्त्यावरून रोज किती वाहने जातात, देखभालीस पैसा कोण देणार आणि अपघात झाल्यास जाब कोणत्या कार्यालयास विचारायचा, हेही त्याच पानावर असावे. हे लिहिण्यास अर्धे पानही लागत नाही.