मुखपृष्ठाने किती सांगावे?

मुखपृष्ठ हे ग्रंथाचे प्रवेशद्वार होय. दारावरून घराची कल्पना यावी. परंतु घरातील सारे सामान दारातच मांडून ठेवू नये. अभिजात ग्रंथांच्या नव्या आवृत्त्यांवर कोणते चित्र असावे, या प्रश्नाचा विचार याच दृष्टीने केला पाहिजे.

मराठी पुस्तकांना देखणेपण देणाऱ्या चित्रकारांत दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांनी रेखाटलेली माणसे जिवंत वाटतात. नव्या पुस्तकाची वाचकाशी ओळख करून देण्यास ही रीत फार उपयोगी पडली. अभिजात ग्रंथाची गोष्ट मात्र निराळी. त्याचे नाव सर्वांच्या कानी असते. म्हणूनच न वाचताच त्याविषयी मत बनण्याचा धोका असतो.

'श्यामची आई' हेच उदाहरण घ्या. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि वनमालाबाईंच्या रूपाने त्या मातेला एक चेहरा मिळाला. चित्रपटाला चेहरा हवाच. पुस्तकाला तो नसतो, आणि तेच त्याचे बळ होय. प्रत्येक वाचक तेथे आपल्या ओळखीची माय उभी करतो. मुखपृष्ठावर एकच चेहरा रेखाटला, तर वाचकाचे हे स्वातंत्र्य उणावते. त्याऐवजी गडद निळ्या रंगावर बेचाळीस उजळ ठिपके असले तर? श्याम आपल्या आठवणी बेचाळीस रात्री सांगतो. पुस्तक वाचून मिटल्यावर त्या ठिपक्यांचा अर्थ आपोआप उलगडेल.

असले अमूर्त चित्र मुलांना कसे कळणार, असा आक्षेप कोणी घेतात. सोलापूरकरांनी तरी तो घेऊ नये. आमची चादर पाहा. उभ्या-आडव्या धाग्यांत पाकळीची वाटोळी रेषा सहजी उतरत नाही. म्हणून ती पायऱ्यापायऱ्यांनी, कोनाकोनांनी विणली जाते. तरीही ते फूल आहे, हे लहान मुलालाही समजते. अंगणातील ठिपक्यांची रांगोळीही हेच शिकवते.

अर्थात, अमूर्त तेवढे उत्तम असे मुळीच नाही. रंगांचे जे फराटे कोणत्याही ग्रंथावर शोभतात, ते कोणत्याच ग्रंथाचे नसतात. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य प्रकाशित करण्यास सर्वांना मोकळीक मिळते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यामुळे २०११ पासून त्यांची पुस्तके कोणीही छापू शकतो. अशा वेळी ग्रंथ न वाचताच मुखपृष्ठ उरकण्याचा मोह बळावतो. चित्रकाराने आधी ग्रंथ वाचावा, हा नियम म्हणूनच कटाक्षाने पाळला पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, आवडते पुस्तक वाचून झाले, की त्यातील एकही माणूस न काढता त्याचे मुखपृष्ठ रेखाटून पाहा. पुस्तकाचे मर्म आपणांस किती कळले, हे त्या कोऱ्या कागदापुढे बसल्यावर नेमके समजेल.