फीत कापली, फोटो निघाले, आणि निदान?

नवं सीटी मशीन आलं की फीत कापायला पालकमंत्री येतात, फोटो छापून येतात. पुढे त्या मशीनवर काम कसं चालतं, हे विचारायला मात्र कुणी फिरकत नाही.

आमच्या मावशीचं सांगतो. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, तर यकृतात ४ सेंटिमीटरची गाठ दिसली. सीटी झाला. रिपोर्टमध्ये ‘कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही, बायोप्सी करावी’. महिनाभर घरावर सुतकी कळा. शेवटी दुसऱ्या शहरात एमआरआय केला आणि निघाला हिमॅन्जिओमा. रक्तवाहिन्यांची साधी, निरुपद्रवी गाठ. औषधसुद्धा लागलं नाही.

मग सीटीत का नाही कळलं? मशीन चांगलंच होतं. पण कॉन्ट्रास्ट टोचल्यावर फोटो एकदाच काढले होते! यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून, बाकीचं धमनीतून. यकृताचा कॅन्सर मात्र मुख्यतः धमनीवर पोसतो. म्हणून फोटो तीनदा काढायचे असतात: अर्ध्या मिनिटाच्या आसपास, मग मिनिटभर उलटल्यावर, आणि पुन्हा ३ ते ५ मिनिटांनी. हिमॅन्जिओमा कडेकडेने भरत आत जातो. कॅन्सर आधी चमकतो, मग आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळा पडतो. सिरॉसिसच्या रुग्णात हे नीट दिसलं तर बायोप्सीशिवायही निदान होतं. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. ती वेळच गाठायची नाही आणि वर म्हणायचं, सुई घाला!

सुई म्हणजे काय टाचणी आहे? हिमॅन्जिओमातून रक्तस्राव होऊ शकतो. हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्या-मेंढ्यांतल्या जंताची गाठ नकळत टोचली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते.

‘तीनदा काढलं की रेडिएशन वाढतं,’ हे उत्तर ठरलेलं. खरंय. पण अर्धवट सीटीनंतर पुन्हा सीटी करावा लागतो, त्याचं रेडिएशन कोण मोजतं? शंका असेल तर सरळ एमआरआय सुचवा ना.

सगळं खापर रेडिओलॉजिस्टवर फोडत नाही. पाठवणारे डॉक्टर चिठ्ठीवर ‘पोटदुखी’ एवढंच लिहितात. हिपॅटायटिस बी आहे का, दारू किती, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, काही नाही. त्याने काय ज्योतिष सांगायचं?

कोणकोणत्या फेज घेतल्या ते प्रत्येक रिपोर्टवर लिहिणं सक्तीचं करा. आणि सरकारी रुग्णालयात जिथे खासगी कंपनीला स्कॅनमागे पैसे मोजता, तिथे करारात एक अट घाला: अपुरा स्कॅन कंपनीने स्वखर्चाने पुन्हा करून द्यायचा.