पंप उतरविण्यापूर्वी

वैशाख तापू लागला, की बार्देश-सासष्टीच्या वाड्यांतून विंधनविहिरी खोदणाऱ्या यंत्रांचा घरघराट सुरू होतो. पाणी लागले, की यजमान नारळ फोडतो आणि दुसऱ्याच दिवशी पाणबुडा पंप खाली सोडला जातो. आमची तक्रार आहे ती या घाईविषयी.

विहीर तासाला किती पाणी देते हे न मोजताच पंपाची अश्वशक्ती ठरते. शेजाऱ्याने दीडचा बसवला म्हणून आपण तीनचा! वास्तविक आधी हवेच्या दाबाने गाळ काढून टाकावा; मग काही तास चाचणीचा उपसा करून पातळी किती उतरते आणि पुन्हा भरण्यास किती वेळ लागतो हे टिपून ठेवावे. पंप त्यानंतर निवडावा. ही चाचणी उन्हाळ्यातच व्हावी. श्रावणात कोणतीही विहीर उदार असते.

उतरविण्याचे कामही बेपर्वाईचे नव्हे. मोटर पंपाच्या खाली असते आणि तिच्या अंगावरून वाहणारे पाणीच तिला थंड ठेवते. पंप तळाला टेकवला, तर गाळात रुतून मोटर जळते. म्हणून तो तळापासून काही मीटर वर, परंतु उपशाच्या वेळच्या नीचतम पातळीच्या खाली लटकता ठेवावा लागतो. केबल पाइपला जागोजागी बांधावी, तिचा सांधा पाणी न शिरणारा असावा, आणि पंपाला स्वतंत्र दोर असावा. पंपाचा भार केबलवर टाकणारा कारागीर पंप गमावण्याचीच तजवीज करीत असतो. जांभ्यातून जाणारे आवरणनळ कठीण खडकापर्यंत नेऊन त्यांच्या भोवतीची पोकळी सिमेंटने बुजवली नाही, तर शेजारच्या शौचकूपाचे पाणी सरळ विहिरीत उतरते.

मात्र खरा धोका किनाऱ्यालगत आहे. तेथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर ते जेवढे उंच, त्याच्या सुमारे चाळीस पट खोल ते खाली असते, असा भूजलशास्त्राचा ठोकताळा आहे. अर्थात वरची पातळी एक मीटर खाली गेली व तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू शकते. अवाजवी पंपाने नासते ती केवळ मालकाची विहीर नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या रहाटाने पाणी दिलेली शेजाऱ्याची विहीरही मचूळ होते, आणि त्याला दाद मागायलाही पुरावा नसतो.

गोव्यात २००२ चा भूजल नियमन कायदा आहे. विहीर खोदण्यास परवानगी लागते. आमची मागणी एवढीच, की किनारी गावांत चाचणीच्या उपशाचा तक्ता पाहिल्यावाचून पंपाला वीजजोडणी देऊ नये. विहिरीची खोली, पाण्याची पातळी, आवरणनळांची लांबी, पंप किती मीटरवर आहे, इतक्या नोंदींचा एक कागद पंचायतीत आणि एक यजमानाच्या घरी राहावा. पंप बिघडून वर काढावयाची वेळ येते, तेव्हा पहिली शोधाशोध याच कागदाची होते.